तारेवर पाडलेली घोडी

व्हर्ना टिलसन एकतिशीची होती, पण अंगाने बारा वर्षांच्या पोराएवढी. त्या चणीवरच तिचं पोट चालायचं. त्या उन्हाळ्यात लोन पाइन गावाजवळच्या खडकांत ‘छोटा वाटाड्या’ या, थेटरात दर शनिवारी एकेक भाग लागणाऱ्या सिरियलचं शूटिंग चाललं होतं. सरहद्दीवरच्या शूर पोराचं तोंड बालनट लॉनी हॅस्कचं, आणि घोडा उधळला की पाठमोरी आकृती व्हर्नाची. दोघांच्या अंगात सारखेच झालरीचे चामडी अंगरखे. लॉनीला पळत्या घोड्यावर बसायची मनाई होती. पोरगं पडलं तर पुढचे भाग कोण करणार?

नवव्या भागात दरोडेखोर वाटाड्याच्या घोडीवर गोळी झाडतात. डायरेक्टर क्रँडल म्हणाला, “तार लावा.”

तारेचं एक टोक घोडीच्या पुढच्या पायांना, दुसरं जमिनीत पुरलेल्या खुंटाला. भरधाव घोडी तार संपली की तोंडावर आपटते.

“दोन दिवस द्या सर,” व्हर्ना म्हणाली. “खुणेवर आडवं व्हायला शिकवते तिला. शहाणी आहे.”

“दोन दिवसांत मी अख्खा भाग उरकतो. तुला नको असेल तर तो टेक्सासचा बुटका तयारच आहे.”

म्हातारा घोडेवाला ऑर्व्हिल तंग आवळता आवळता हळूच म्हणाला, “तूच बस, पोरी. तो बुटका लगाम हिसडतो. तुझ्याखाली निदान घाबरणार तरी नाही.”

घोडी खरंच घाबरली नाही. व्हर्नाने टाच लावताच कान पुढे करून सुटली, आणि तार संपली.

व्हर्ना ठरल्याप्रमाणे धुळीत लोळत बाजूला गेली. उठून पाहते तो घोडीचा पुढचा पाय खांद्यापासून लोंबत होता.

“झकास,” क्रँडल म्हणाला. “लॉनीला आणा. ऊन आहे तोवर जवळचा शॉट घेऊ.”

लॉनीला घोडीशेजारी बसवून हातात लगाम दिला. वाक्य साधं होतं. “ऊठ, सखे. किल्ल्यावर पोचायचंय.” त्याने ते म्हटलं आणि लगाम ओढला. घोडीने मान उचलली, तीन पायांवर जोर देऊन अर्धी उठली आणि कोसळली.

“सुरेख. आणखी एकदा.”

लॉनीने लगाम खाली ठेवला. “मी नाही म्हणणार.”

“बाळा, एकदाच,” कॅमेऱ्यामागून त्याची आई म्हणाली. “साहेब खोळंबलेत.”

“मी म्हटलं की ती उठते, आई.”

व्हर्ना सरळ कॅमेऱ्यासमोर गेली. एका शॉटमध्ये दोन दोन वाटाडे दिसताहेत म्हणून क्रँडल ओरडला. तिने घोडीचा लगाम उतरवला, पायांची तार सोडवली, आणि ऑर्व्हिलला बंदूक आणायला सांगितलं.

“तू गाडीत जा, लॉनी.”

“मी बसतो इथं.” थोड्या वेळाने त्याने विचारलं, “मिस व्हर्ना, मी म्हणजे तुम्हीच, असं वाटलं का तिला?”

खोटं बोलणं सोपं होतं. आईही तिकडून मानेने नको नको म्हणत होती.

“हो,” व्हर्ना म्हणाली. “अंगरखा सारखाच ना. माझं ऐकायची सवय होती तिला.”

पोरगा रडला नाही. ऑर्व्हिल येईपर्यंत घोडीच्या मानेवरच्या माश्या हाकलत राहिला. गोळीचा आवाज झाला तेव्हा मात्र त्याने व्हर्नाचं मनगट घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने क्रँडलला सांगितलं, म्हणाल तिथून मी स्वतः खाली पडेन, पण तारेच्या घोड्यावर पुन्हा बसणार नाही. त्याने बुटक्याला बोलावणं पाठवलं आणि तिला दुपारच्या बसने वाटेला लावलं.

पुढे बिशप गावाजवळच्या, घोड्यांच्या एका रँचवर तिने घोडे शिकवायचं काम धरलं. गावच्या थेटरात नववा भाग लागला त्या शनिवारी ती गेली नाही. रँचवरची पोरं मात्र पाहून आली. घोडी कशी धडपडून उठायला बघते, सगळे कसे टाळ्या पिटतात, हे एकमेकांचं बोलणं तोडत सांगू लागली.

व्हर्नाचा खरारा थांबला नाही. “मग पुढं काय होतं?” तिने विचारलं.

“पुढं काय,” पोरं म्हणाली, “तो दुसऱ्या घोड्यावर बसतो आणि जातो.”