डोळ्यांच्या रेषेत

डॉक्टरांचं काय जातं सांगायला! "स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत ठेवा, मान खाली घालून बसू नका." टायपिस्ट बाईने ऐकून घेतलं. तिची मान दगड झाली होती आणि पाठीत खिळा ठोकावा तशी कळ यायची. पण बोटं थांबली तर घर कोण चालवणार?

आणि लॅपटॉप खाली होता तो काही हौसेने नव्हे. टेबलासमोर वडिलांची खाट होती. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती, काही हवं असलं की ते उजवा हात वर करायचे, तो तिला खालच्या स्क्रीनवरून दिसायचा. हिच्या कानांत दिवसभर टाइप करायचं रेकॉर्डिंग, त्यामुळे घंटी देऊनही उपयोग नव्हता. टेबल फिरवावं, तर दार उघडत नव्हतं.

आज मात्र कळ सोसवेना. तिने लॅपटॉपखाली चपलांचे दोन खोके सरकवले, जुना कीबोर्ड पुढ्यात ओढला आणि ताठ बसली. किती दिवसांनी जिवाला बरं वाटलं! काम कसं झरझर उरकलं.

हेडफोन काढून ती उठली. वडिलांचा हात अजून वरच होता. अंथरूण भिजलं होतं.

"बाबा, मी मेले का नाही!" म्हणत तिने त्यांना पुसलं, चादर बदलली आणि तणतणत खोके काढायला गेली. वडील जोरजोराने मान हलवू लागले. नको, राहू देत.

रडत रडतच ती कामाला बसली. थोड्या वेळाने स्क्रीनच्या कडेने डोकावून बघते, तर त्यांनी तो हात पांघरुणाच्या आत घेऊन टाकला होता.