फिंटनचे तीन राजे

गिल्व्हरींच्या पबमधला बुधवारचा पोकर फिंटनने सोडला तो एका पानामुळे.

त्या दिवशी तो जिंकत होता. शेवटच्या डावात पॅकी गिल्व्हरीने आपली पानं उपडी टाकली आणि म्हणाला, "घे रे बाबा, तुझाच दिवस आहे." पानं गोळा करताना त्यातलं एक सुलटं पडलं. एक्का होता. टेबलावर सगळ्यांच्या सामाईक पानांत आधीच दोन एक्के होते. म्हणजे डाव पॅकीचा होता आणि त्याने तो मुद्दाम सोडला होता. फिंटनने टोपी घातली, सगळ्यांचा निरोप घेतला आणि घरी येऊन मला एवढंच सांगितलं, "डिम्फना, ही मंडळी मला जिंकू देतात."

फिंटन माझा थोरला भाऊ. लग्न ना त्याचं झालं ना माझं. फॉक्सफर्डबाहेरच्या आईवडिलांच्या घरात आम्ही दोघंच राहतो. पत्ते मला त्यानेच शिकवले असं मी म्हणते, पण खरं तर आईने आधी जपमाळ आणि मग पत्ते असा क्रम लावून दिला, आणि तो क्रम आमच्याकडे अजून मोडलेला नाही. दोन वर्षांपूर्वी कंपवाताने त्याचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हापासून गावातली माणसं त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागली. कान त्याचे ठणठणीत आहेत.

"जिथं मला कुणी ओळखत नाही तिथं ने मला," तो म्हणाला.

म्हणून मे महिन्यात आम्ही किलार्नीच्या हॉटेलातल्या स्पर्धेला निघालो. गाडी आता मीच चालवते. माझंही नाव त्याने परस्पर घातलं होतं.

"तू बाहेर बसून मणी ओढणार. त्यापेक्षा आत येऊन बस."

मणी गाडीतच ओढून झाले. मे हा माऊली मरियेचा महिना, जप चुकवायचा नाही असं माझं व्रत आहे. पहिला अर्धा भाग मी म्हणायचा, दुसरा त्याने. मध्येच तो "गिअर बदल, गिअर" असं म्हणे आणि पुन्हा "पवित्र मरिये" पकडे. लिमरिक मागे पडल्यावर त्याने आपली माळ खिशात टाकली. मग म्हणाला, "एक शब्द दे. आपण एका टेबलावर आलो तर मला परका समजायचं."

"परक्यांशीही मी नीटच वागते."

"तसं नको. गिळायला बसल्यासारखी खेळ."

मी शब्द दिला. शब्द दिल्यावर मला तो विसरता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच त्याने मागितला.

हॉलमध्ये शेकडो माणसं आणि पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा एकसारखा किटकिटाट, जणू सगळीकडे रातकिडे बसलेत. माझ्या स्वेटरवर दारू न पिण्याच्या व्रताची छोटी पिन असते. समोरच्या कॉर्क शहराकडच्या लाल दाढीवाल्याने ती लगेच हेरली. डेक्लन त्याचं नाव.

"अरे देवा, पिनवाल्या बाई. आता यांनी पैसे लावले की आपण उठून जायचं. या थाप मारणार नाहीत."

"थाप मारायला दारू लागते का हो?" मी विचारलं.

"नाही, पण पापाची तयारी लागते."

"आमच्या फादरना विचारून आले मी. ते म्हणाले, खेळायला बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं की समोरचा फसवणार. तेव्हा ते खोटं धरत नाहीत."

"झालं," डेक्लन शेजाऱ्याला म्हणाला. "आता चर्चची परवानगी घेऊन लुटणार आपल्याला."

माणसं बाद होत गेली, तशी रिकामी टेबलं मोडून उरलेल्यांना हलवत होते. दुपारच्या चहानंतर माझ्या डाव्या हाताची खुर्ची ओढली गेली आणि फिंटन बसला. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, बसमध्ये शेजारी आलेल्या माणसाकडे पाहून हलवतात तशी. मीही तेवढीच हलवली.

त्याचा हात चकत्यांवर थरथरत होता. पोकर खेळणारे हात कापणारा माणूस पाहिला की सावध होतात, कारण मोठी पानं आली की भल्याभल्यांचे हात कापतात. तास-दीड तास ती सगळी माणसं त्याला घाबरून पानं टाकत होती. फिंटन ताठ बसला होता. कितीतरी दिवसांनी मी त्याला तसं बसलेलं पाहिलं. मग डेक्लनच्या लक्षात आलं की हा हात हलक्या पानांवरही तसाच कापतो. त्याने फिंटनकडे पाहिलं, मग नजर वळवली, आणि पुढच्या डावात उगाचच पानं टाकून दिली. फिंटनचा जबडा आवळला गेला. डेक्लन वाईट माणूस नव्हता. पॅकी तरी कुठे होता.

मग तो डाव आला.

माझ्या हातात बदामचा एक्का आणि बदामची छक्की. टेबलावर सगळ्यांसाठी मांडलेल्या पानांत बदामचा राजा आणि बदामची नव्वी. फिंटनने प्रत्येक फेरीत चकत्या लावल्या, मी लावत राहिले, बाकीचे गळाले. शेवटचं पान पडलं, बदामची चौकी. पाच बदाम, वर एक्का. त्या पानांवर याहून मोठा हात कुणाचा असूच शकत नव्हता.

बोलायची पाळी आधी फिंटनची होती. त्याने नुसतं बोटाने टेबल ठोकलं, म्हणजे मी काही लावत नाही. बोट थरथरून तीन-चार वेळा वाजलं. पत्ते वाटणारी मुलगी हळूच म्हणाली, "कळलं, सर."

आता माझी पाळी. न लावता डाव उघडा करणं मला शक्यच नव्हतं. सर्वात मोठा हात घेऊन कुणी गप्प बसला तर स्पर्धेचे पंच ते साटंलोटं धरतात आणि शिक्षा करतात. नात्यातल्या माणसांवर तर त्यांची नजर असतेच. पण थोडंसं लावायला कुणाची हरकत नव्हती. मूठभर चकत्या पुढे केल्या असत्या, तो हरला असता, आणि तरी त्याच्यापुढे ढीग उरला असता. संध्याकाळपर्यंत खेळला असता. नियम पाळला गेला असता. कुणाला कळलंही नसतं.

खिशातल्या माळेवर माझी बोटं गेली. पानं मागण्यासाठी मी कधी प्रार्थना करत नाही. तेव्हा तर काय मागायचं हेच मला कळेना. मी फिंटनच्या हाताकडे पाहिलं. मग डेक्लनकडे पाहिलं आणि मनाशी विचारलं, या खुर्चीत हा असता तर मी किती लावलं असतं?

"सगळं," मी म्हणाले, आणि दोन्ही हातांनी चकत्या पुढे ढकलल्या. त्याच्याहून माझ्या जास्त होत्या. तो तेवढं लावून डावात आला तर त्याच्यापाशी काही उरणार नव्हतं.

डेक्लनने ओठांतून हवा सोडली. फिंटन माझ्या चेहऱ्याकडे बघत बसला. लहानपणी मी बिस्किटं लपवली की तो असाच बघायचा.

"मोजून बघ," तो शेवटी मुलीला म्हणाला. "आलो मी."

आणि त्याने पानं उलटली. दोन राजे. टेबलावरचा धरून तीन. मी माझे बदाम मांडले.

तो उठला. कोट घालताना डावी बाही सापडेना. मी हात पुढे केला नाही. तेवढं मला जमलं. मग त्याने तो थरथरणारा हात माझ्यापुढे धरला.

"छान खेळलात, बाई."

"तुम्हीही," मी म्हणाले.

"नाक तेच आहे. सख्खा भाऊ ना हो तुमचा?" तो गेल्यावर डेक्लनने विचारलं. "आमच्या घरी असं झालं असतं तर ख्रिसमसला माझं ताट उपडं घातलं असतं."

पुढचे काही डाव मी पानं न बघताच टाकले असावेत.

सुट्टी झाल्यावर तो मला बाहेर बाकावर सापडला. मांडीवर सँडविचची प्लॅस्टिकची पेटी. समोर तळ्यावर ऊन होतं आणि डोंगरावर पाऊस. मी शेजारी बसले.

"रागावलास?"

"तीन राजे हरले की कोण खूश असतं?" मग म्हणाला, "पण मला हरवलंस. दोन वर्षांत कुणी हरवलं नव्हतं."

मी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या.

"आणि मध्येच माझ्या हाताकडे बघत होतीस. थोडं लावायचा विचार होता ना?"

"होता."

"वाटलंच. तोंडाकडे बघत जा. हात काही सांगत नाही आता." त्याने पेटीचं झाकण ओढलं. बोटं निसटली. पुन्हा ओढलं. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले, डोंगराकडे बघत.

मग त्याने पेटी माझ्याकडे सरकवली.

"हे उघडून दे गं."

मी उघडून दिलं. अर्धं सँडविच त्याने मला दिलं, हॅम माझ्या अर्ध्यात जास्त आलं होतं, ते त्याने परत काढून घेतलं. आत घंटा वाजली.

"जा," तो तोंडात घास घेऊन म्हणाला. "तो दाढीवाला थाप मारायची असली की आधी पाणी पितो."