दार कोणी खाल्लं?

मित्रांनो, मी एक जुनं दार आहे. तेही पूर्ण नाही, अर्धं. घोड्यांच्या तबेल्यात असंच असतं. खालचं अर्धं दार घोड्याला अडवतं आणि वरची अर्धी जागा मोकळी राहते, म्हणजे त्याला मान बाहेर काढून जग बघता येतं. जग त्यानं बघायचं आणि लाथा मी खायच्या, अशी आमची वाटणी आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझ्या वरच्या कडेला खाचा आहेत. तिथलं लाकूड घोड्यांनी कुरतडून खाल्लं, आणि लाकडाबरोबर तिथल्या आठवणीही गेल्या. त्यामुळे सांगता सांगता माझी गोष्ट मध्येच तुटेल. रागावू नका. जेवढा उरलोय तेवढंच सांगू शकतो.

मला ज्या सुतारानं बनवलं तो तोंडात खिळे धरून बोलायचा. त्याचं म्हणणं कोणाला कळत नसे, काम मात्र सगळ्यांना कळत असे. त्यानं पाच आडव्या फळ्या घेतल्या, मागून दोन उभ्या आणि एक तिरपी पट्टी मारली, मला पोटभर तेल पाजलं आणि तीन नंबरच्या ठाणावर, म्हणजे एका घोड्याच्या खोलीवर, बसवलं. मग कडी चार वेळा लावून पाहिली. त्या दिवशी मी कोऱ्या वहीसारखा होतो.

तबेला ताईंचा. ताई म्हणजे इथल्या मालकीणबाई. घोडे मात्र त्यांचे नाहीत. ज्यांना घोडा आहे पण बांधायला जागा नाही, असे लोक महिन्याचे पैसे देऊन घोडा इथे ठेवतात. ताई त्याला जागा, दाणा, गवत आणि पाणी देतात, त्याच्याखालचा भुसा बदलतात.

पहिली वर्षं कौतुकाची गेली. नवीन माणूस आला की माझ्यावर हात ठेवून म्हणायचा, "भक्कम आहे हो!" तेवढ्यावर माझा महिना जायचा. पहिला घोडा शहाणा होता. दुसरा माझ्यावर हनुवटी टेकून झोपायचा, त्याच्या श्वासानं माझी वरची फळी ओली व्हायची. तिसरा आला तेव्हा

(इथे खाच आहे.)

आणि मग कोणीही माझ्यावर हात ठेवेनासं झालं. कुसळ टोचायचं ना!

लाकूड एकदम झिजत नाही, मित्रांनो. आज पापुद्रा जातो, उद्या ढलपी. बघणारा रोज बघतो म्हणून त्याला काहीच दिसत नाही. ताईंच्या खांद्यावर सदानकदा गवताचा भारा. त्या जाता जाता म्हणायच्या, "याचं एकदा बघायला हवं." कधी बघणार, हे मी विचारणं सोडून दिलं. थकलेल्या माणसाकडे थकलेल्या दारानं काय मागायचं?

सहा वर्षांपूर्वी माझ्या ठाणात काजळी आली. काळी घोडी, तेव्हाच वीस वर्षांची. तिची मालकीण शिवणकाम करते. तिला सगळे मावशी म्हणतात. मावशी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी यायची, काजळीची मान घासायची आणि गिऱ्हाइकांच्या कागाळ्या तिला सांगायची. "बाईची कंबर वाढली आणि म्हणते माप तूच चुकवलंस. आता बोल!" काजळी बोलायची नाही, दाण्यासाठी पुढच्या खुरानं माझी खालची फळी ठोकायची. ठक, ठक. फळीला चीर पडली. पुढे तिचा उजवा डोळा गेला. तेव्हापासून ती मला नाकानं चाचपून ओळखते. मी तिची भिंत झालो, आणि अंधुकसा रस्ताही.

आता भांडणाकडे येतो.

पाच नंबरच्या ठाणात एका ठेकेदाराचा लाल घोडा होता. ठेकेदार महिन्यातून एकदा उगवायचा. घोडा दिवसचे दिवस कोंडलेला. त्यानं लाथा मारून मधली भिंत पाडली, पाण्याची टाकी फोडली. एका सकाळी ठेकेदार गाडी घेऊन आला, घोडा चढवला, "येतो हं ताई," म्हणाला आणि गेला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

ताईंचा दीर नुकताच हिशेब बघायला लागला होता. तो म्हणाला, "वहिनी, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आता प्रत्येकाकडून अनामत घ्यायची. एका महिन्याचे पैसे आधीच ठेवून घ्यायचे. मोडलं तर त्यातून कापायचं, नाही मोडलं तर जाताना परत."

खरं सांगतो, मला ते पटलं. इतकी वर्षं मोडलो, त्याचं मोल कोणी तरी मागत होतं.

दीर वही आणि मोजपट्टी घेऊन ठाणोठाण फिरला. माझ्यापाशी येऊन त्यानं खाचा मोजल्या आणि लिहिलं : 'ठाण तीन. दार खाल्लेलं. चीर. घोडी काजळी.' त्याच्या वहीत ठाणासमोर आज जे जनावर, तोच गुन्हेगार. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

दुपारी सगळे ग्राहक दाण्याच्या खोलीत जमले. ती माझ्या समोरच आहे, म्हणून मला सगळं ऐकू आलं. दीरानं नियम वाचला. एक तारखेपर्यंत अनामत आली नाही तर ठाण रिकामं करायचं.

"आणि मावशी, तुमच्या दाराचा खर्च वेगळा धरलाय," तो म्हणाला.

"माझं दार? मी कुठे दाराला हात लावला?"

"तुम्ही नाही हो. घोडीनं खाल्लंय."

मावशी उठली आणि सगळ्यांना घेऊन माझ्यासमोर आली. तिनं काजळीचा वरचा ओठ अलगद उचलला. पुढे नुसत्या हिरड्या. "बघा भाऊ. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी पुढचे दात काढले. हिला भिजवलेला दाणा द्यावा लागतो, आणि म्हणे दार खाल्लं!"

पोहणं शिकवणारे मास्तर खो खो हसले. त्यांचा घोडा एक नंबरमध्ये असतो. "भाऊ, दार भिजवून दिलं असेल!"

दीर कानापर्यंत लाल झाला, पण हटला नाही. "मास्तर, हसा. पण आधीची चार वर्षं तर दात होते ना?"

हसू थांबलं. मावशी माझ्याकडे बघत राहिली. सगळेच बघत राहिले. सांगायचं ते मीच सांगू शकलो असतो. पण मित्रांनो, ते ज्या लाकडात होतं तेच

(इथेही खाच आहे. सगळ्यात मोठी.)

"खाल्लंही असेल," मावशी शेवटी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मी सकाळी तासभर असते, उरलेला दिवस घोडी इथे काय करते ते मला काय ठाऊक? खालची चीर मात्र तिचीच. ती भरून देते. पण ताई, एकदम एवढी रक्कम माझ्याकडे नाही. महिन्याचे पैसे मी कधी चुकवले का?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"एक तारखेला हिला कुठे नेऊ? सव्वीस वर्षांची, एका डोळ्याची. नवीन ठाणात सगळीकडे धडकेल. घेणारा एकच भेटेल, आणि तो हिला ठेवायला घेणार नाही." तिनं काजळीच्या कपाळावर हात ठेवला. "अनामत, अनामत म्हणता. अनामत म्हणजे काय हो? विश्वासानं दुसऱ्यापाशी ठेवलेली वस्तू. मग ती मी सहा वर्षांपूर्वीच ठेवलीय की. ही काय उभी आहे."

काजळीनं माझी फळी ठोकली. ठक, ठक.

ताई भुशाच्या पोत्यावर बसल्या. त्यांनी गुडघे चोळले. मग म्हणाल्या, "भाऊजी, ती भिंत माझ्या पैशानं बांधली मी. अनामत घ्यावीच लागेल. पण वही चुकलीय. घोडा आला तेव्हा दार कसं होतं, हे आपण कधी लिहिलंच नाही. मग जाताना कशाच्या जोरावर कापणार?"

"म्हणजे जुनं सगळं माफ?" दीर म्हणाला.

"जुनं माझं. आजपासून ज्याचं त्याचं. प्रत्येक ठाण आज आहे तसं लिहायचं, दोघांनी सही करायची. अनामत सगळ्यांनी द्यायची. ज्याला एकदम जमत नाही त्यानं महिन्याच्या पैशांबरोबर थोडी थोडी, वर्षभरात." मग मावशीकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि माझ्या दाराचा खिळा घोडीला लागला तर औषधाचा खर्च माझा. तेही लिहा. अनामत माझ्याकडेही आहे."

"वहिनी, असा धंदा होतो का?"

"होत नाही. म्हणून तर थकलेय."

मग त्यांनी मला वाचलं. ताईंनी बोट फिरवत सांगितलं, दीरानं लिहिलं : वरची कड खाल्लेली, कोणी ते माहीत नाही. खालच्या बिजागरीचा एक स्क्रू नाही. डाव्या बाजूनं खिळा वर आलेला. खालच्या फळीला चीर, काजळीची. खाली दोन सह्या. माझं अख्खं आयुष्य पाऊण पानात बसलं. तरीही सांगतो, इतक्या वर्षांत मला कोणी तरी पहिल्यांदाच पूर्ण बघितलं.

काजळी माझ्यापाशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी एक तरुण सुतारीण आली. तिनं वर आलेला खिळा ठोकला, स्क्रू बसवला, चिरेवर पट्टी मारली, कडी एकदाच लावून पाहिली आणि गेली. सगळं मिळून अर्धा तास.

अर्धा तास, मित्रांनो! माझ्यावरून वाद दुपारभर चालला, दुर्लक्ष कित्येक वर्षं, आणि काम अर्ध्या तासाचं होतं. तुमच्याही घरात, शाळेत, वर्गात एखादं दार, एखादं बाक, एखादी खिडकी असेल. अनामत घ्यायची की नाही, ते मोठी माणसं ठरवतील. तुम्ही एवढंच करा. मोडलेलं दिसलं की आधी खिळा ठोका. कोणी मोडलं, ते मग विचारा.