नव्या बंदुकीचा पहिला बार

हेमंताचं ऊन सावरदऱ्यावर उतरत होतं. कोवळं, केशरकांत, दवानं जडावलेलं. कारवीच्या करड्या काठ्यांवरून ते ओघळलं, कड्याच्या कृष्णकपाळावर क्षणभर थबकलं, आणि माथ्यावरच्या एकाकी भट्टीच्या धुरात शिरून निळं झालं.

त्या भट्टीपाशी लिंगोजी पांचाळ ठासणीची बंदूक घडवत होता. त्याची बायको सगुणा भाता ओढत होती. आणि समोर घोंगडीवर तुळाजीराव देशमुख बसून होते. रोज, उगवतीपासून मावळतीपर्यंत, न बोलता, न हलता, बघत.

दोन हिवाळ्यांपूर्वी रानडुकराच्या शिकारीत त्यांच्या बंदुकीची गोळी जनावर उठवायला हाका घालणाऱ्या रखमाजीला लागली होती. रखमाजी लिंगोजीचा धाकटा भाऊ. “नळी वाकडी होती,” देशमुख म्हणाले, आणि साऱ्या गावानं मान डोलावली. आता त्यांना सरळ नळी हवी होती. आतून पीळदार आटे पाडलेली तशी नळी घडवणारा हात घाटमाथ्यावर एकच होता, मेलेल्याच्या भावाचा.

म्हणून हा पहारा. नळीच्या सांध्यात राखेच्या कणाएवढी पोकळी राहिली, तर बार उडताच नळी फुटेल आणि दस्ता गालाशी धरणाऱ्याचं मस्तक फोडेल, हे देशमुखांना ठाऊक होतं. घणाचा घाव जरा हलका पडला की त्यांच्या भुवया जुळत. घाव जोरात पडला की अधिकच जुळत.

लोखंडाची पट्टी तापली. लाल झाली, नारिंगी झाली, मग शुभ्र, चंद्रशुभ्र, डोळ्यांना न सोसणारी. गजाभोवती वेढा घेत ती सर्पिणीसारखी वळली. सांधा जुळवणाऱ्या टाकणखाराच्या ठिणग्या फुलल्या, विझल्या, फुलल्या.

शेवटच्या वेढ्याला लिंगोजीनं पट्टी भट्टीबाहेर काढली, आणि घण उचललाच नाही. एक श्वास गेला. दुसरा गेला. शुभ्राचं नारिंगी झालं, नारिंगीचं तांबडं. गार सांधा वरून गुळगुळीत दिसतो आणि आतून सुटा राहतो. देशमुख पापणी न लववता पाहत होते; पण ते पाहत होते लिंगोजीच्या डोळ्यांत. लोखंडाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

सगुणाचं होतं.

“धनी, गार झालं,” ती हळूच म्हणाली.

लिंगोजीनं तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही. भात्याची दोरी तिनं पुन्हा ओढली, ज्वाळा उसळली, आणि पट्टी पुन्हा आगीत गेली. मग घण कोसळला. निखळ, निर्दय, नेमका.

त्यानंतरचे दिवस आटे कोरणाऱ्या पोलादी सुईच्या टोकावर गेले. नळीच्या अंधाऱ्या पोटात आटे उमटले, लाटेमागे लाट उमटावी तसे. शिसवीचा दस्ता तेल पिऊन काळसर झाला. गारगोटीचा खटका बसला, टोकाशी नेम धरायची माशी बसली. बंदूक उन्हात आडवी ठेवली तेव्हा ती सुंदर होती, आणि तुळाजीरावांनी तिला बोटही लावलं नाही.

“पहिला बार तू उडवायचा,” ते म्हणाले. “दुप्पट दारू घालून. दस्ता गालाशी धरून. माझ्यासमोर.”

“जी सरकार.”

कड्यालगतच्या दगडावर मडकं ठेवलं होतं. त्याच्या डाव्या अंगाला, दहा पावलांवर, देशमुख उभे राहिले. तिथून लिंगोजीचा चेहरा नीट दिसत होता. लिंगोजीनं दारू ओतली, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजानं ठासली, नळीच्या कानाशी पेट घेणारी रंजक घातली, खटका चढवला. सगळं सावकाश. वारा पडला. कारवीतला पारवा घुमायचा थांबला.

आणि तेव्हा, फार उशिरा, देशमुखांना उमगलं की भरलेली बंदूक आता कुणाच्या हातात आहे.

नळी वर आली. मडक्याकडे जाताना वाटेतच थांबली. माशीच्या टोकावर देशमुखांच्या कपाळावरचा गंधाचा केशरी टिळा स्थिरावला.

“सरकार,” लिंगोजी म्हणाला, “त्या दिवशी नळी वाकडी हुती का?”

देशमुखांची नजर कड्याकडे गेली. दरी खाली अथांग पसरली होती, ऊन त्यांच्या घामावर चमकत होतं. सगुणा भट्टीच्या दारात उभी होती. तिनं हाक मारली नाही.

“नव्हती,” देशमुख अखेर म्हणाले. “झुडूप हललं. मी नीट पाहिलं नाही. घाई केली.”

लिंगोजीचा गाल दस्त्याला टेकलेला राहिला. डोळ्यातून एक धार निघून शिसवीवर ओघळली. मग नळी सरकली, तसूभर, आणखी तसूभर, आणि कडाडली. मडकं नाहीसं झालं. नळी अभंग होती.

धूर विरला. लिंगोजी चालत पुढे आला आणि त्यानं बंदूक देशमुखांच्या हातांत दिली.

“सरळ हाये,” तो म्हणाला.

तुळाजीरावांनी ती छातीशी घट्ट धरली आणि पाऊल मागे टाकलं. मग दुसरं मागे. बंदूक रिकामी होती, समोरचे हात रिकामे होते, तरी त्यांनी पाठ फिरवली नाही. उतरणीच्या गोट्यांवर अडखळत, करवंदीच्या काट्यांत अंगरखा फाडत, डोळे वर, पाय खाली, ते उलटे उतरत गेले. एक वळण, दुसरं वळण, आणि मग नुसता गोट्यांचा आवाज, दूर, अधिक दूर, विरळ.