रघुपतीरावांचं दार

“मामा, एका वेळीं दोनच पाहा. तिसऱ्याकडे नजर नको,” डॉक्टर श्रीविद्या म्हणाली.

“दोनांतलें एक निवडतां आलें असतें, तर हा सदरा कशास घातला असता? तुझ्या मामीनें निवडला!”

सगळी बैठक मास्काआड हसली. तंजावूरच्या त्या इस्पितळाचे प्रशासन अधिकारी रघुपतीराव यांना साधा निर्णयही घेता येत नसे. त्यांच्या टेबलावर गेलेली फाइल म्हणजे सासरी गेलेली लेक. सणासुदीलाच परत यायची.

पण कोविडची दुसरी लाट दाराशी येऊन ठेपली होती. ओरत्तनाडूचा तापकरी आणि तिरुवैयारूहून छाती धरून आलेला, दोघे तातडीच्या विभागात एकाच बाकावर. परवा त्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याला आत घेईपर्यंत फार उशीर झाला. त्या दिवशी रघुपतीरावांनी डबा तसाच घरी परत नेला.

श्रीविद्या त्यांची लांबची भाची. तिने एक पद्धत आणली होती. सुचलेल्या सुधारणांच्या जोड्या लावायच्या. जास्त सिलिंडर की जास्त नर्स? नर्स की तापकऱ्यांना वेगळं दार? डॉक्टरांपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळ्यांनी मत द्यायचं आणि शेवटी बेरीज करायची. बेरीज झाली आणि वेगळं दार सगळ्यांच्या वर निघालं.

“मग करूं कीं! कोठून करायचें?” रघुपतीराव हौसेने म्हणाले.

हेडनर्स पंख्याकडे बघू लागल्या. श्रीविद्या पेनाचं टोपण लावू-काढू लागली. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. रस्त्यावर थेट उघडणारी खोली अख्ख्या इमारतीत एकच होती, आणि ती त्यांची होती. अर्धी नोकरी जिन्याखाली बसून काढल्यावर मिळालेली. दारावर तमिळ अक्षरांतली त्यांच्या नावाची पितळी पाटी होती, ती ते स्वतः पुसत.

“घाई नाहीं, मामा. उद्यां सांगा,” श्रीविद्या हळूच म्हणाली.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोला? पण त्यांनी मनातल्या मनात जोडी लावली. एकीकडे खोली, दुसरीकडे बाकावरचा तो म्हातारा.

“उद्यां कशास? आजच माझें टेबल बाहेर काढा.”

बैठकीने आ वासला. तेवढ्यात घरून त्यांच्या पत्नी विजयलक्ष्मीबाईंचा फोन आला.

“रात्रीं इडली करूं कीं दोसै?”

“दोसै.”

“अय्यो! ज्वर आहे कीं काय तुम्हांस?”

दार सुरू झालं. छातीत कळ आलेला माणूस आता सरळ डॉक्टरांपुढे जाऊ लागला. फाटकावरचा पहारेकरी मणी तापकऱ्यांना सांगे, “रघुपती सारच्या दाराने जा.” आणि खुद्द सार, म्हणजे साहेब, पुन्हा जिन्याखाली, डास मारत बसलेले. गंमत म्हणजे तिथून फायली भराभर निघू लागल्या.

निवृत्तीच्या दिवशी ते खिशात स्क्रूड्रायव्हर घालून आले. दुसरं काही नको होतं, पाटी तेवढी घरी न्यायची होती. दारापाशी रांग होती. एक बाई आपल्या तापाने फणफणलेल्या सासऱ्यांना ती पाटी दाखवत होती.

“हेच ते दार, मामंजी. बघा, नाव आहे. आता काळजी नाही.”

न्यायची की राहू द्यायची? रघुपतीरावांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला, मास्क नीट केला आणि म्हाताऱ्यासाठी दार उघडून धरलं.