आठ दहाचा फ्रीज

दार उघडताच वास आला. कोंडलेल्या घराचा तर होताच, पण त्याच्या खाली काहीतरी गोडसर, कुजलेलं होतं. मदतनीस बाईने दारामागच्या हजेरीच्या डबीला कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला, आणि ती तोंडाने श्वास घेऊ लागली. सव्वीस वर्षं ती म्हाताऱ्यांचं करत होती. कुठला वास कशाचा, हे तिला सांगावं लागत नसे.

आधीची बाई दोन आठवड्यांपूर्वी काम सोडून गेली होती. म्हाताऱ्याच्या मुलीला नवी बाई शोधण्याची घाई नव्हती. ती दुसऱ्या शहरात राहायची आणि बापाचं घर फोनवर बघायची. पलंग, फ्रीज, न्हाणीघर आणि दार, चार सेन्सर, चार ठिपके.

"सगळं हिरवं असतं हो," तिने कालच सांगितलं होतं. "गेल्या महिन्यात कंपनीने बाबांना आदर्श दिनचर्येचं प्रशस्तिपत्र पाठवलं. तुम्ही आपलं बुधवारी दोन तास जाऊन या."

बाईच्या फोनवरही तिने ते ॲप घालून दिलं होतं. येताना बाईने बसमध्ये ते उघडून पाहिलं. फ्रीज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, दुपारी साडेबाराला, रात्री साडेसातला. आंघोळ नऊ वाजता. काल तेच, परवा तेच, दोन आठवडे तेच. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला इतकी वेळेवर भूक लागलेली तिने कधी पाहिली नव्हती.

म्हातारा खुर्चीत बसला होता, कमरेखाली चादर.

"या बाई. माझं सगळं आवरलंय. आंघोळ, नाश्ता. तुम्ही फक्त लिहा, ठीक आहे म्हणून."

"आंघोळ कुठे केलीत, बाबा? मानेवरच्या मळात पीक निघेल एखादं."

"या वयात किती घासायचं."

बाई स्वयंपाकघराकडे वळली. फ्रीजच्या मुठीला सुतळी बांधलेली होती. ती टेबलाच्या पायाला वळसा घालून थेट म्हाताऱ्याच्या खुर्चीपर्यंत गेली होती. बाईने फ्रीज उघडला. दुधाची पिशवी फुगून फुटली होती. भाजीच्या पातेल्यावर करडी लव उगवली होती, आणि खालच्या कप्प्यात तपकिरी पाणी साचून त्यावर साय धरली होती. तिने दार लावलं. वास तिच्या बाहीला चिकटून बाहेर आला.

"ही दोरी कसली?"

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. चौतीस वर्षं त्याने घरोघरी विजेचे मीटर वाचले होते.

"चाक फिरलं, एवढंच मीटरला कळतं. घरात कोण जेवलं, कोण उपाशी झोपलं, त्याला काय? इथे दार उघडलं की जेवण झालं. आणि सकाळी एकदा भिंत धरत कसाबसा न्हाणीघरात जातोच, तेव्हा गरम पाणी सोडून सात मिनिटं दार ओढून घ्यायचं. सेन्सरने वाफ धरली की आंघोळ झाली." तो हसला. "आम्हीही घर बंद दिसलं की मागच्या तीन महिन्यांची सरासरी टाकून पुढे जायचो. आत कोणी मरून पडलेलं का असेना."

"मग खाता काय?"

त्याने बिस्किटांच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"उठून दोन पावलं जायला काय होतं?"

म्हाताऱ्याने चादर घट्ट धरली. बाईने त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि चादर बाजूला केली.

डाव्या पायातला मोजा तपकिरी होऊन कडक झाला होता. तिने तो कात्रीने उभा कापला. मोज्याबरोबर कातडीही सोलून आली. दोन बोटं काळी पडली होती. त्यांच्या बेचक्यात पू होता, आणि पुवात पांढरं काहीतरी हललं.

"टेबलाला ठेचकाळलो," म्हातारा खिडकीकडे बघत म्हणाला. "पंधरा दिवस झाले. साखर आहे, भरून यायला वेळ लागतो. मुलगी म्हणालीय, आता एकदा जरी काही लागलं, पडलं, तर वृद्धाश्रम. झाकली मूठ राहू द्या, बाई. हे घर सुटलं तर मी संपलो."

"मूठ झाकतात, बाबा. पाय झाकला की कुजतो."

तिने मुलीला फोन लावला.

"पण माझ्याकडे तर सगळं हिरवं दिसतंय," मुलगी म्हणाली.

"ताई, तुमच्या फोनला वास येत नाही."

"बरं, फोटो पाठवा."

बाईने पाठवला.

"अहो, असले फोटो काय पाठवता? मी जेवायला बसलेय."

"तुम्हीच मागितलात."

"मलमपट्टी करून बघा ना. एकदम लाल करू नका. ते भावालाही दिसतं, मग तो मलाच बोलतो. तीन महिने एकही लाल नाहीये आमच्याकडे."

बाईने आयुष्यभर पू पुसला होता. गू काढला होता. त्याची तिला कधी किळस आली नव्हती. या बोलण्याची आली. तिने फोन कापला, ॲप उघडलं आणि लाल खूण दाबली. लाल दाबलं की कंपनी रुग्णवाहिका पाठवते. वीस मिनिटं, असं उत्तर आलं.

बाईने कोमट पाणी आणून त्याची मान पुसली. पाणी काळं झालं. तिने ते ओतून दुसरं आणलं.

साडेबारा वाजले. म्हाताऱ्याचा हात आपोआप खाली गेला आणि त्याने सुतळी ओढली. फ्रीजचं दार उघडलं, वास खोलीभर पसरला, आणि फ्रीज मागे कललेला असल्यामुळे दार आपलं आपण मिटलं.

बाईचा फोन वाजला. दुपारचं जेवण, हिरवा ठिपका. त्यामागोमाग मुलीचा मेसेज: जेवले ना बाबा? बघा. रुग्णवाहिका खरंच लागेल का?

मोजा कापलेली कात्री तिथेच पडली होती. ती उचलून तिने सुतळी कापली.

म्हाताऱ्याने हातात राहिलेल्या तुकड्याकडे पाहिलं.

"अहो बाई," तो म्हणाला, "मग आता रात्री जेवायचं कसं?"