अकरा नंबर, ठीक

मी हातोडी बोलतेय. खिळे ठोकणारी नव्हे हं, तो गैरसमज आधीच काढून टाका. मी सांडव्याची तब्येत तपासणारी. धरण भरलं की दरवाजे उघडून जादा पाणी ज्या काँक्रीटच्या उतारावरून खाली सोडतात, तो सांडवा. तिथल्या एकेका स्लॅबवर मला मारायचं आणि आवाज ऐकायचा. काँक्रीट धडधाकट असेल तर मी टण्ण वाजते. आतून पोकळ असेल तर भद्द. एवढंच माझं बोलणं, पण त्यात खोटं कधी आलं नाही.

लोहाराच्या भट्टीतून निघाले ती थेट ह्याच्या हाती पडले. हा म्हणजे धरणावरचा तपासनीस. तेव्हा तरुण होता, आणि कान असे तयार की विचारू नका. एकदा नव्या डागडुजीवर हात फिरवत ठेकेदार म्हणाला, "बघा, कसं लोण्यासारखं झालंय!" ह्याने मला एकदाच मारलं आणि म्हणाला, "लोणीच आहे. फोडा." फोडलं तर आत अख्खी टोपी मावेल एवढी पोकळी! त्या दिवसापासून सगळे त्याला 'कानवाले' म्हणू लागले. मलाही काय तोरा चढला होता म्हणून सांगू!

एकतीस वर्षं मी त्याच्या हातात होते. पण शेवटी शेवटी त्याचे कान गेले. हळूहळू गेले. संध्याकाळी घरी पिशवीत पडल्या पडल्या मला बायकोचा आवाज यायचा, "अहो, बेल तीनदा वाजली. कान काय सांडव्यावरच ठेवून आलात?" तो हसण्यावारी न्यायचा. कचेरीत तर कुणाला पत्ताच लागू दिला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन वर्षं तो मला नुसता आपटत गेला आणि 'ठीक, ठीक' म्हणत गेला. वाईट वाटायचं, पण राग नाही आला. म्हातारपण कुणाला चुकलंय?

यंदाचं मात्र मी विसरणार नाही.

तपासणीला सोबत गेटमन होता, धरणाचे दरवाजे चालवणारा. हा मला मारून निकाल सांगणार आणि गेटमन तो वहीत लिहिणार, अशी पद्धत. दहा स्लॅब झाले. अकराव्यावर मी पडले आणि घसा फोडून भद्द वाजले.

गेटमनची पेन्सिल थांबली. "साहेब, हा जरा वेगळा वाजला का हो?"

ह्याला शब्द ऐकू आले नसतील, पण त्याचा चेहरा वाचता आला. "एकतीस वर्षं कान कुणाचे चाललेत इथे? माझे की तुझे?"

बिचारा ओशाळून खाली बघू लागला.

आता नीट ऐका. चांगलं काँक्रीट मला झटक्यात परत उडवतं. पोकळ काँक्रीटवर मी मेल्यासारखी पडते. ते हाताला कळतं, त्याला कान लागत नाहीत. ह्याला कळलं होतं! त्याची पकड आवळली, ती माझ्या दांड्याला जाणवली. त्याने मला पुन्हा एकदा मारलं, हळूच. मग हात खिशातल्या खडूकडे गेला. पोकळीभोवती खडूने वर्तुळ काढायचं, हा त्याचाच नियम. पण निवृत्तीला दोन महिने उरले होते. वर्तुळ काढलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मागची तीन वर्षं काय ऐकत होतात?

"अकरा नंबर, ठीक," तो म्हणाला. गेटमनने लिहिलं.

ह्याला बहिरेपणा म्हणत नाहीत. ह्याला विश्वासघात म्हणतात. मी खरं बोलले आणि त्याने माझ्या नावावर खोटं खपवलं.

निरोपाच्या दिवशी मला घासूनपुसून काचेच्या चौकटीत बसवलं आणि त्यालाच भेट दिलं. खाली पितळी पट्टी, 'हिने कधी खोटं सांगितलं नाही.' टाळ्या काय पडल्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता मी त्याच्या बैठकीच्या खोलीत टांगलेली असते. आणि हा? निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात त्याने कानात यंत्र बसवून घेतलं. आता लपवायचं कुणापासून? आता त्याला सगळं ऐकू येतं.

आज दुपारी गेटमन भेटायला आला. चहा घेता घेता म्हणाला, "धरण काठोकाठ भरलंय, साहेब. उद्या सकाळी दरवाजे उघडायचे. आमची खोली सांडव्याच्या भिंतीला लागूनच, अकरा नंबरच्या अगदी शेजारी. सासरे म्हणाले, बायकापोरांना चार दिवस इकडे पाठवा. मी म्हटलं, कशाला? कानवाल्यांनी स्वतः तपासलंय. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली होती खरी, पण तुमच्यापुढे माझे कान ते काय!"

पोकळ स्लॅबखाली पाणी शिरलं की तो उचकटतो. मग शेजारची भिंत टिकत नाही आणि तिच्यामागची मातीही. हे ह्यानेच कितीजणांना शिकवलंय.

गेटमन निघाला तसा हा उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वाटलं, आता काढतो मला, म्हणतो, चल, अकरा नंबरवर जाऊन येऊ. चौकट जरा कलली होती. त्याने ती सरळ केली.

अरे, मला कुणी मारल्याशिवाय बोलता येत नाही. तुला तर नुसतं तोंड उघडायचंय. मला खाली नको काढूस. ही पट्टी राहू दे, नाव राहू दे. फक्त हाक मार त्याला. तो अजून दारातच बसलाय. एक बूट घालून झाला, दुसऱ्याचा बंद बांधतोय.